पुरे म्हणेपर्यंत

१३ सप्टेंबर २०२४

हात सुटला नाही. सोडला!

हे आजच लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी समजूत घालायला आलं तरी माझ्या डोक्यात घोळ होणार नाही. गौरीपूजनाच्या दुपारी, देवळाच्या अंगणात, सगळ्या वाडीसमोर, फुगडी ऐन वेगात असताना माझ्या धाकट्या जावेनं — सुगंधानं — माझ्या डोळ्यांत बघत बोटं उघडली. मी मागच्या मागे चिऱ्याच्या पायरीवर आदळले. उजवा गुडघा आत वळला. डावा घोटा मुरगळला. माझ्याच तोंडातून आलेली किंकाळी मला ओळखता आली नाही.

आमच्या वाडीत त्या दिवशी जावांची फुगडी असते. घरातल्या जावांनी एकमेकींशीच घालायची. नणंद चालत नाही, शेजारीण चालत नाही. दमली की 'पुरे' म्हणायचं, मग दोघींनी मिळून वेग उतरवायचा. जी आधी 'पुरे' म्हणेल ती हरली. वर्षभर मग तिला चिडवायचं. बस, एवढाच खेळ. पण हात सोडायचा नाही. सोडलेला आजवर कुणी पाहिला नव्हता.

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी कधी 'पुरे' म्हटलेलं नाही. एकदाही नाही. सुगंधानं दरवर्षी म्हटलंय. यंदा तिला ते म्हणायचं नव्हतं, म्हणून हा मार्ग!

१६ सप्टेंबर

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, एमआरआयही केला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटलाय. घोट्याचा ताणलाय. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, जोर देऊ नका. मग सूज बघून म्हणाले, "कुणी चोळलं का हे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. पडल्या संध्याकाळीच ह्यांनी गरम तेल लावून चोळणारा आणला होता. वाडीत पाय मुरगळला की हेच करतात. डॉक्टर म्हणाले, ताज्या दुखापतीला बर्फ लावायचा, गरम तेल नाही. चोळून तुम्ही सूज दुप्पट केलीत. मी पोस्टात जन्म काढला, बी. ए. झालेली बाई, आणि चोळून घेत बसले! ह्यांना बाहेर आल्यावर बोलले. हे आपल्या आईचा दाखला देत म्हणाले, "माका काय म्हायत? माझो पाय मोडलो तेव्हा आवशीन चोळल्यान, मी चाललंय मा अजून?"

१७ सप्टेंबर

सुगंधा निर्गुंडीचा पाला घेऊन आली होती. दारात उभी राहिली. "वयनी, माका सांगाचा आसा." मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही. पाला ठेवून गेली. मी तो काठीने ढकलत उकिरड्यापर्यंत नेला. गुडघा ठणकला, पण नेला.

२ ऑक्टोबर

तेजस्वी नावाची मुलगी येऊ लागली आहे. फिजिओथेरपिस्ट. बाजारात दवाखाना आहे, माझ्यासाठी स्कूटरवरून घरी येते. वेणी, चष्मा, आवाज खणखणीत. मला असलीच माणसं आवडतात.

"काकू, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली. दाबा. आणखी. मांडी कडक झाली पाहिजे. चेहरा नाही, मांडी!"

घोट्यासाठी वेगळंच. अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. 'अ'पासून सुरुवात करा म्हणाली. मी 'सुगंधा' काढलं आणि खाली आडवी रेघ मारली. "सुंदर," म्हणाली तेजस्वी. तिला वाटलं, घोटा छान फिरतोय.

५ ऑक्टोबर

नवरात्रात देवळात फुगड्या झाल्या. फुगडी मंडळाची पुढारीण म्हणून पहिला नारळ सुगंधाच्या हातात! घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते, सगळं ऐकू येत होतं. तिचं गाणं वरच्या पट्टीत नेहमी फाटतं. आजही फाटलं. बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर

तिनं बांगड्यांचं तिखलं पाठवलं. मी मांजराला घालायला निघाले, तर ह्यांनी ताटली धरली. "भांडान तुमचा. बांगड्यांनी काय केल्यानी? माका कित्याक शिक्षा?" आणि बसून सगळं खाल्लं. वर म्हणतात, "सुगंधाच्या हातची कोकमा वेगळीच गो." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणार आहे.

८ नोव्हेंबर

पट्टा सुटला. पाय काठीसारखा बारीक झालाय. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून बघितल्या, उजवी कुणा दुसऱ्याच बाईची. रडू आलं नाही. राग आला. राग कामाचा असतो, रडण्यानं मांडी भरत नाही.

तेजस्वीनं विचारलं, "काकू, ध्येय काय ठेवूया? देवळापर्यंत चालणं? जिना?"

म्हटलं, "फुगडी."

ती हसली. मग बघितलं, मी हसत नाहीये. "फुगडीत गुडघ्यावर पिळा बसतो काकू. पावलं जुळवून, अंग मागे टाकून फिरायचं. वर्ष लागेल."

"वर्षच आहे माझ्याकडे."

काय हवंय मला ते तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. मला सुगंधाचं 'पुरे' हवंय. त्याच अंगणात, मुंबईकर आलेले असताना, गाणं थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिचा पाय मोडावा असं मला नकोय. मी तसली नाही. फक्त तिनं मागावं आणि मी द्यावं. माझ्या वेळेनं.

२३ डिसेंबर

अर्धी बैठक जमली. भिंतीला पाठ लावून. पाय थरथरतात, पण गुडघा आत जात नाही.

पर्यटकांच्या गाड्या सुरू. समोरच्या सुरूच्या बनात कुणी पुणेकर बॅडमिंटन खेळतात. त्यांच्यातला एक रोज लंगडतो आणि रोज खेळतो. परवा हाक मारून सांगितलं त्याला, घोटा बांध आणि घरी बस. "थँक्यू आजी," म्हणाला. आजी!

१४ जानेवारी २०२५

संक्रांतीला सुगंधा तिळगूळ घेऊन आली. सगळ्या बायका होत्या म्हणून घेतला. ती हळूच म्हणाली, "वयनी, गोड बोला." मी म्हटलं, "बोलते आहे की. आणखी किती गोड?" बायका हसल्या. ती नाही हसली. उठताना तिनं हात जमिनीला टेकला, मग दाराला धरलं, मग उभी राहिली. मी बघत होते. शेतात लावणी करून करून तिचे गुडघे गेलेत. आता एक-एक पायरी, दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवून उतरते.

चांगलं आहे. लक्षात ठेवलं.

९ फेब्रुवारी

वाळूत चालायला सुरुवात केली. तेजस्वीनं बजावलं होतं, ओहोटीला जा, ओल्या घट्ट वाळूवर, आणि जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेनं परत या. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच बाजूनं चाललं तर एक घोटा सारखा वाकडा पडतो.

मी शहाणपणा केला. भरती होती, तरी गेले. वरच्या भुसभुशीत वाळूतून, अनवाणी, चपळ. दमले, पण मान ताठ. वाटेत सुगंधाची सून सलोनी भेटली, म्हणाली, "मोठ्याई, बरा चालतास हो!" म्हटलं, घरी जाऊन सांग तुझ्या सासूला.

११ फेब्रुवारी

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा! डावी टाच. चार पावलं टाकली की कमी होतो, बसून उठलं की पुन्हा.

तेजस्वी चिडली. "काकू, तळव्याखाली एक जाड पडदा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत. तो ताणलात. भुसभुशीत वाळू, अनवाणी, एवढ्या वेगात — कुणी सांगितलं होतं?" गुडघा उजवा, घोटा डावा, आता टाच डावी. एका हातानं बोटं उघडली आणि माझं सगळं अंग खालून वरपर्यंत उसवलं. तेजस्वी म्हणते एका पायाला जपताना दुसऱ्यावर भार येतो, तो असा वसूल होतो. ती शास्त्र सांगते. मी मात्र नाव घालून समजून घेते.

३ मार्च

बाटलीत पाणी गोठवून तळव्याखाली फिरवायची. पोटरी ताणायची, भिंतीला हात लावून. घरातही चप्पल. शेणानं सारवलेल्या खळ्यात चप्पल घालून फिरताना लाज वाटते. सासूबाई असत्या तर त्यांनी मला खळ्याबाहेरच उभं केलं असतं.

२१ मार्च

टाच बरीच कमी.

आज सुगंधा कुंपणापलीकडून बघत होती. मी एका पायावर उभी होते, डोळे मिटून. तेजस्वीनं सांगितलेला तोल. डोळे उघडले तर ही तिथेच. म्हणाली, "वयनी, ता माका पण दाखवशात? माजे गुडघे रात्रीचे दुखतत."

"तेजस्वीला विचार. ती फी घेते."

"तुमका येता मा ता. तुमीच दाखवा."

"मला शिकवता येत नाही," म्हटलं आणि आत आले. खिडकीतून पाहिलं. ती एका पायावर उभी राहायला बघत होती, कुंपण धरून. जमत नव्हतं. वेडी. गुडघा आत पडत होता तिचा — असा उभा राहिला तर उलट बिघडेल, हे मला आता कळतं. सांगितलं नाही.

३० एप्रिल

ह्यांचा आंबा उतरवणं चालू. दोन्ही घरांचं कलम एकच, त्यामुळे अंगणात दोन्ही घरं. ह्यांनी मुद्दाम आम्हा दोघींना एकाच पेटीवर बसवलं, गवत भरायला. दुपारभर एक शब्द नाही. फळ तिच्या हातातून माझ्या हातात येतं, बोटाला बोट लागतं, आणि मला तेच आठवतं. शेवटी तिनं तोंड उघडलं — "वयनी, त्या दिवशी —"

"देठ वर ठेव. डाग पडेल," म्हटलं.

ह्यांनी वरून झाडावरून ऐकलं. "मेल्यांनो, आंब्याक पण कळता तुमच्यात काय चल्लाहा ता. आंबट जातले सगळे!"

१९ जून

पाऊस, चिखल, शेवाळ. चिऱ्यावर पाय जपून. तेजस्वीनं नवीन दिलंय — एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबायचं. गुडघा पावलाच्या वर राहिला पाहिजे. राहतो! उजव्या मांडीनं डाव्या मांडीला गाठलं. मोजपट्टी लावून बघितलं. तेजस्वी म्हणाली, "काकू, माझ्याकडे विशीतली क्रिकेट खेळणारी पोरं येतात. एवढं कुणी करत नाही. कशाच्या जोरावर करता?"

भक्ती म्हटलं. ती खूश झाली.

२७ जुलै

श्रावण लागला, तालीम सुरू. मी देवळात गेले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधानं पुढारिणीची जागा सोडून मला दिली, न सांगता. मी घेतली. आभार मानले नाहीत.

१० ऑगस्ट

सलोनीबरोबर फुगडी घातली. पोरगी तरणी, तरी तिनं 'पुरे' म्हटलं. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. घरी येऊन बर्फ लावला. वर्षभर शिकले ते सगळं अंगात मुरलंय, मागे कसं झुकायचं, पावलं जवळ कशी ठेवायची, वेग टाचेनं नाही तर चवड्यानं कसा घ्यायचा. पूर्वी मी नुसत्या ताकदीवर फिरायचे. आता मला फिरणं कळतं. सुगंधाला कुणी शिकवलेलं नाही.

२४ ऑगस्ट

सुगंधा आली. यावेळी आत येऊन बसली, पाटावर नाही, खुर्चीवर.

"वयनी, औंदा आपण बसान बघूया. पोरींका घालूक देवया."

"भियालंस?"

"तुमचो गुडघो. पुन्ना काय झाला तर?"

"माझा गुडघा ठणठणीत आहे. तुझ्या हातांचं सांग."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरा. घालूया."

सलोनी मागाहून आली होती, म्हणाली, "आई, नको गो, तुमचे गुडघे —" सुगंधा म्हणाली, "गप रव. वयनींका व्हया आसा."

हो. मला हवंय.

२७ ऑगस्ट

गणपती आले. लक्ष लागत नाही. आरती म्हणताना पावलं मोजत होते.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

जिंकले.

क्रमानं लिहिते. देवळाचं अंगण भरलं होतं, मुंबईकर झाडून आलेले. जावांच्या जोड्या एकेक करून झाल्या. आमची शेवटची, मानाची. मी हात पुढे केले. तिनं धरले. तिचे तळवे कोरडे, खरखरीत. बायकांनी गाणं उचललं आणि आम्ही सुटलो.

सुरुवातीला सावकाश. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग मी मागे झुकले आणि वेग घेतला. तिची पावलं लांब पडत होती, गुडघा प्रत्येक फेऱ्याला आत जात होता, मला दिसत होतं. एवढं दिसत होतं!

"पुरे," ती म्हणाली.

मी ऐकलं. खोटं कशाला लिहू. पण ते एवढंसं पुरे, दोघींत विरून जाणारं — ते मला नको होतं. वर्षभर मी ते मिळवायला अंगठ्यानं अक्षरं काढली नव्हती. वेग वाढवला.

"वयनी, पुरे गो!"

मोठ्यानं म्हणाली, पण गाणं चढलं होतं, कुणाला गेलं नाही. आणखी एकदाच म्हणू दे, मग उतरवते, असं माझ्या मनात होतं. अंगण, माणसं, दीपमाळ, सगळ्यांची एक रेघ झाली होती. मला हसू येत होतं.

तेवढ्यात तिच्या पायातून आवाज आला. सुकी फाटी मोडावी तसा. ती वळलेल्या पायावरच खाली गेली. माझा तोल गेला — मागे तीच पायरी होती — पण मी पायरीवर गेले नाही. माझे दोन्ही हात तिच्या हातांत तसेच होते. खेचली गेले ती तिच्याच अंगावर. खरचटलंसुद्धा नाही.

तिच्या मुठी उघडेनात. सलोनी आणि आणखी एक बाई, दोघींनी मिळून तिची बोटं माझ्या मनगटांवरून सोडवली. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली होती, ती थांबली.

तेजस्वी गर्दीत होती. तिनं गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "बर्फ आणा," म्हणाली फक्त. आणायला मीच गेले.

मनगटांवर तिच्या बोटांचे वळ आहेत.

३ सप्टेंबर

सावंतवाडीहून आत्ताच आले. सुगंधाच्या गुडघ्यातला अस्थिबंध पूर्ण तुटलाय, ऑपरेशन. सलोनी औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघीच. मी विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली — रागानं नाही, जेवलात काय विचारावं तसं —

"वयनी, गुदस्ता पण तुमका 'पुरे' म्हटलंय. सारखा म्हटलंय. तुमी थांबाक नाय, माझ्या हातात बळ रवाक नाय, म्हणान सोडलंय. औंदा सोडूक नाय."